काकू नकोत

माझ्या जावेला कामावरून एका पाणघोड्यानं काढलं, असं माझ्या तिन्ही मुलांचं म्हणणं आहे. तिघंही शिकलेली आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी मी आणि ह्याच जावेनं जगाच्या चादरी धुतल्या, त्यामुळे सांगताना जीभ जड होते, पण सांगते.

आमची लाँड्री आहे. रस्त्यावरून दिसतं ते नुसतं काउंटर. खरं काम मागच्या शेडमध्ये. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल येतात, दवाखान्यांचे कोट येतात. एका टोकाला धुण्याची मशिनं, मग वाळवण्याची, मग इस्त्रीची लांब टेबलं, आणि शेवटी घड्या घालून गठ्ठे बांधायची जागा. हे सगळं उभं केलं ते आम्ही दोघींनी. आमच्या नवऱ्यांचा त्यात काडीचा हात नाही. माझा वर गेला, तिचा पलीकडच्या गावात गेला, दुसरा संसार थाटून. तेव्हापासून आम्ही एकमेकींना धरून आहोत. धरून म्हणजे गळ्यात गळे घालून नव्हे. आमची रोज वाजते. ती मला अहो-जाहो करते आणि त्या अहो-जाहोमध्ये इतकं तिखट घालते की अरे-तुरे परवडलं.

पण इस्त्री तिची. दवाखान्याचा कोट तिच्या हातून गेला की कॉलर अशी बसते, की डॉक्टर न येता नुसता कोट पाठवला तरी पेशंट उठून बसेल. माझी मुलं तिच्याच टेबलाखाली वाढली. मी मशिनांकडे, ती इस्त्रीकडे, आणि ही तिघं तिच्या पायात.

गेल्या वर्षापासून तिचे गुडघे कुरकुर करायला लागले. ती बोलत नाही, पण दुपारनंतर टेबलाला पोट टेकून उभी राहते ते मला दिसतं. मी एकदा म्हटलं, बसायचं काम घे. तर म्हणाली, "मी बसले की तुम्ही माझ्या डोक्यावर बसाल." विषय संपला.

आता तो कागद. कागद म्हणजे कागद नाही. थोरल्यानं कॉम्प्युटरवर सुरू केलेला आहे. तो एकच कागद सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी उघडतो. एकानं इथे अक्षर काढलं की दुसऱ्याला तिथे बसल्या जागी दिसतं. कोण कुठे लिहितंय ते कळावं म्हणून प्रत्येकाची एक रंगीत काडी असते, डोक्यावर नाव घेऊन लुकलुकत असते. कुणाची पाळी कधी, कुठल्या हॉटेलचा माल कधी, कुठलं मशीन रुसलंय, सगळं त्यात. मी नावं ठेवली नाहीत. पूर्वी मी शेडच्या मध्यावर उभी राहून जे ओरडायचे तेच ह्या कागदावर व्हायला लागलं. माझा घसा वाचला. चांगल्याला मी चांगलंच म्हणते.

पण मुलं वर जाऊन बसली. शेडवर माडी काढून काचेची केबिन केली, गार हवा खेळवली, आणि तिघं तिथे. थोरला हिशेब आणि हॉटेलं बघतो, मधली लेक माणसं आणि पाळ्या बघते, धाकटा नवीन कामं आणतो. हात लांब केला तर एकमेकांच्या खांद्याला लागेल इतकी जवळ बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. लिहितात. मी एकदा चहा घेऊन वर गेले तर आत असं शांत, मला वाटलं भांडलीत. लेक म्हणाली, "भांडण कसलं आई, आम्ही बोलतोय की." आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले तर जावेचं टेबल रिकामं. इस्त्री गार. आदल्या दिवशीही ती नव्हती, पण तेव्हा मी दवाखान्यांच्या माणसाबरोबर बाहेर होते. संध्याकाळी आले तेव्हा म्हटलं, गेली असेल लवकर. आता मात्र मी मशीनवरच्या माणसाला हाक मारली. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण मशिनांच्या आवाजात बोलून बोलून त्याला हळू बोलताच येत नाही.

"बाई कुठे आहेत?"

भोंगा हळू बोलला.

"मालकीणबाई, तुम्हाला माहीत असेलच की. कागदावर आहे."

"काय आहे कागदावर?"

त्यानं हात पुसले, मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. मला वाचता येतं. सावकाश येतं, पण त्याला काही फार वेळ लागणार नव्हता. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या होत्या. जावेचा उल्लेख एकाच जागी होता, इस्त्रीच्या रकान्यात, आणि तिथे दोन शब्द होते.

काकू नकोत.

मी तो मोबाईल हातात घेऊनच जिना चढले. भोंगा मागून म्हणत होता, मालकीणबाई, माझा फोन. मी म्हटलं, मिळेल.

तिघंही आपापल्या जागी होती. मी फोन टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

तिघांनी आधी फोनकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग आपापल्या स्क्रीनकडे. उत्तर जसं काही तिथेच उगवणार होतं.

थोरला म्हणाला, "आई, तसं एकट्यानं कुणी लिहिलेलं नाही. तो कागद सगळ्यांचा आहे."

"कागद सगळ्यांचा असू दे. वाक्य कुणाचं?"

"वाक्य पण तसं सगळ्यांचंच."

"मला सगळे नकोत. मला एक तोंड दाखव, ज्याच्याशी मला बोलता येईल."

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "सुरुवात मी केली होती. पण मी असं नव्हतं लिहिलं. मी चांगलं लिहिलं होतं. काकूंच्या गुडघ्यांना त्रास होतो म्हणून आता काकू इस्त्रीवर नकोत, त्यांना बसून करायचं काम द्यावं. एवढं सगळं लिहिलं होतं मी."

"मग ते एवढं सगळं गेलं कुठे?"

लेक म्हणाली, "गुडघ्यांचं मी काढलं. आई, तो कागद हॉटेलवालेपण बघतात. काकूचं दुखणं परक्यांना कशाला दाखवायचं? तिच्याच भल्यासाठी काढलं."

"आणि बसून करायचं काम?"

धाकट्यानं मान खाली घातली. "ते मी. कुठलं काम ते ठरलंच नव्हतं ना. जे ठरलं नाही ते लिहायचं नाही, असा आपलाच नियम आहे."

"मग राहिलं, आता काकू इस्त्रीवर नकोत."

"त्यातलं 'आता' मी काढलं," थोरला म्हणाला. "रकान्यात मावत नव्हतं."

बघा. एकानं गुडघे काढले, एकानं खुर्ची काढली, एकानं 'आता' काढलं. प्रत्येकाचं कारण ऐकलं तर शहाणपणाचंच वाटावं. कुणी माझ्या जावेचं वाईट केलेलं नाही. फक्त ती कामावर राहिली नाही, एवढंच.

"आणि 'इस्त्रीवर' कुणी काढलं?"

"मी नाही," थोरला म्हणाला.

"मी नाही," लेक म्हणाली.

"शपथ, मी नाही," धाकटा म्हणाला. "पाणघोड्यानं काढलं. मी बघितलं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. हा माझा मुलगा लहानपणी कपबशी फोडली की मांजरीचं नाव सांगायचा. आमच्याकडे मांजर नव्हती.

"आई, थट्टा नाही करत. आपलं नाव न घालता कुणी कागद उघडला ना, की ते अॅप त्याला एका जनावराचं नाव देतं. अनोळखी पाणघोडा, अनोळखी कासव, असं. परवा दुपारी आम्ही तिघं त्या ओळीवर होतो तेव्हा वर एक पाणघोडा होता. तो खाली आला आणि तो शब्द गेला."

"तू बघितलंस."

"हो."

"आणि काय केलंस?"

"मला वाटलं दादाच आहे, मोबाईलवरून."

"मला वाटलं ताई आहे," दादा म्हणाला.

"मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय," ताई म्हणाली. "म्हटलं ठरलं असेल."

ही तिघं त्या वेळी बसली होती कुठे, तर ह्याच खोलीत, ह्याच खुर्च्यांवर. शेजारच्याला कोपरानं ढोसलं असतं तरी भागलं असतं.

"आणि ह्या पाणघोड्याला," मी म्हटलं, "आपल्या शेडमध्ये कुणी राहायचं, कुणी नाही, हे ठरवायचा हक्क कुणी दिला?"

"ज्याच्याकडे लिंक आहे त्याला लिहिता येतं, आई."

"भोंग्याकडे आहे?"

"आहे. मशीन बंद पडलं तर त्याला लिहावं लागतं."

"हॉटेलांकडे?"

"आहे."

"काकूकडे?"

"काकूकडे पण आहे, पाळी बघायला."

"माझ्याकडे?"

लेकीनं टेबलावरचा भोंग्याचा फोन उलटा करून ठेवला.

"तुला उगाच त्रास कशाला, म्हणून..." लेक म्हणाली. तिनं वाक्य पुरं केलं नाही. अर्धी वाक्यं सोडायची सवयच लागलीय त्यांना. दुसरं कुणी येऊन पुरं करतं ना.

म्हणजे भोंगा आहे, हॉटेलं आहेत, पाणघोडा आहे, कासव आहे. हे सगळं जिच्या घामानं उभं राहिलं ती तेवढी नाही. मला रडू आलं नाही. मला ते यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली. माझे कान तापले.

"उठा," मी म्हटलं. "काकूकडे जायचंय."

थोरला म्हणाला, "आधी एक मेसेज टाकतो, की आम्ही येतोय..."

"हात खाली."

त्यानं हात खाली केले. चाळिशीला आलेला बाप्या, पण केले. अजून तेवढं आहे, म्हणून मी जिवंत आहे.

जाऊ राहते किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. जिना असा उभा की वर जाताना पुढच्याच्या टाचा नाकाला लागतात. तिच्या गुडघ्यांनी हा जिना रोज दोनदा, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. दार उघडंच होतं. ती खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर, आणि शेजारी फडताळ निम्मं रिकामं. खाली मोठी बॅग तोंड उघडून पडली होती. घडी घातलेले कपडे, एकावर एक, कडेला कडा लावून. पळून जातानासुद्धा हिच्या घडीला सुरकुती नाही.

"कुठे चाललीस?"

"बहिणीकडे. तिच्याकडे एक खोली आहे. कधीची बोलावतेय." मग माझ्यामागे बघून म्हणाली, "बसा, जाऊबाई. दुसरी खुर्ची एकच आहे. बाकीच्यांना उभं राहायची सवय होऊ दे."

बाकीचे भिंतीला लागून उभे राहिले.

मी म्हटलं, "न सांगता?"

"सांगायचं कुणाला? मला तरी कुठे कुणी सांगितलं. मी वाचलं."

"काय वाचलंस?"

"सगळं वाचलं. बनताना वाचलं," ती म्हणाली. "जेवायला बसले होते, मोबाईल समोर होता. माझं नाव दिसलं म्हणून बघत राहिले. आधी चांगलं लांबलचक होतं. गुडघे होते त्यात. म्हटलं, बरं आहे, लेकराला माझे गुडघे दिसतात. मग बघताबघता गुडघे गेले. एकेक अक्षर मागून खात आलं कुणीतरी. मग बसायचं काम गेलं. मग 'आता' गेलं. माझा घास हातातच. आणि मग काही होईना. तिन्ही काड्या तिथेच. लुकलुक, लुकलुक. कुणी पुढे जाईना, कुणी मागे येईना. मला कळलं काय चाललंय ते. राहिलेलं काढायचं कुणी, ह्याची वाट बघत होती ही."

"नाही काकू," थोरला म्हणाला, "मी तेव्हा फोनवर..."

"तू बोलू नकोस. ही तिघं लहान होती तेव्हा ह्यांची नाकं कोण पुसायचं? स्वतः पुसायची नाहीत, एकमेकांकडे बघत उभी राहायची. मीच पुसायचे. म्हटलं हेही मीच करते. बोट लावलं आणि काढला तो शब्द."

धाकट्याचं तोंड उघडं पडलं. "म्हणजे पाणघोडा..."

"कोण?"

"काही नाही, काकू."

मला हसू आलं होतं. ते मी दाबलं, कारण त्याच्या खालून राग वर येत होता आणि दोन्ही एकदम बाहेर आलं असतं तर बरं दिसलं नसतं.

लेक पुढे आली. "काकू, तुला काढायचं असं आमच्या कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं."

"मग मनात होतं ते ठेवलंत कुठे? कागदावर तर नव्हतं." जावेनं आवाज चढवला नाही. ती चढवत नाही. इस्त्रीसारखी आहे, आवाज न करता पोळते. "आणि ऐक. मी तो शब्द काढला, आणि वाट बघितली. म्हटलं आता कुणीतरी म्हणेल, अरे, हे काय झालं, हे चुकलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघितलं. काल दिवसभर बघितलं. तुम्ही तिघं त्या कागदावर येत होतात, जात होतात. काड्या दिसत होत्या मला. वर लिहीत होतात, खाली लिहीत होतात. मधल्या त्या दोन शब्दांवरून जात होतात. एक शब्द परत घालायचा होता. एकानं."

खाली किल्ल्या घासायचा आवाज चालला होता. लेकीनं डोळे पुसले. धाकटा नखं बघत होता. मी त्यांच्या मदतीला गेले नाही.

पण मला माझंही होतं ना.

"आणि मी?" मी म्हटलं. "मला फोन करायला तुझी बोटं झिजली होती? ह्या पोरांचं सोड. माझ्याशी न बोलता बॅग भरलीस तू."

जावेनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुम्ही होतात की तिथे."

"कुठे?"

"कागदावर. ह्या तिघांच्या काड्या नावाच्या होत्या. आणि आणखी एक होती, बिननावाची. कासव म्हणून. हलत नव्हती, बोलत नव्हती, नुसती कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. म्हटलं जाऊबाई. त्यांचीच बसायची पद्धत." तिनं गुडघ्यावरचा पदर नीट केला. "ह्या पोरांचं मला एवढं नाही लागलं. पोरंच ती. पण तुम्ही बघताय आणि तुम्ही शब्द बोलत नाही, हे काही माझ्या घशाखाली उतरेना."

मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मी तिथे नव्हते," मी म्हटलं. "मला तो कागद दिलेलाच नाही. मी आज भोंग्याच्या फोनवर बघितला."

"मग ते कासव?"

"हॉटेलचं कुणीतरी असेल," धाकटा पुटपुटला. "टॉवेल कधी येणार ते बघत असेल."

म्हणजे कुठल्यातरी हॉटेलात टॉवेलाची वाट बघणाऱ्या एका परक्या माणसाला माझी जाऊ 'मी' समजून बसली होती, आणि त्याच्या गप्प बसण्यावर रागावून गाव सोडायला निघाली होती.

पण जावेचं लक्ष आता माझ्याकडे नव्हतंच. तिनं स्टुलावरचे पाय खाली घेतले. खुर्चीच्या हातांवर भार टाकून उभी राहिली.

"जाऊबाईंना कागद दिला नाहीत तुम्ही?"

"काकू, आईला ते सगळं..."

"जाऊबाईंना," ती म्हणाली, "दिला नाहीत. मला दिलात. भोंग्याला दिलात. ज्यांच्या नावानं बाहेर पाटी आहे त्यांना नाही. मला काढलंत ते एक वेळ ठीक आहे, माझे गुडघे गेलेत. पण ह्यांना तुम्ही आधीच काढून ठेवलंय. आणि ह्यांना पत्तासुद्धा नाही."

"तसं नाहीये, काकू."

"तसंच आहे. लोक विचारतात ना, मालकीणबाई काय म्हणतात? तर काय सांगता? कागद बघा. मी बहिणीकडे गेले तर उद्या त्या रकान्यात ह्यांचं नाव येईल, आणि तुमच्यातला एक म्हणेल मी नाही, दुसरा म्हणेल मी नाही."

मी म्हटलं, "माझं नाव कोण खोडतो ते बघतेच."

"तुम्ही काय बघणार, तुम्हाला कागदच दिलेला नाही."

हे तिचं असं. भांडताना माझ्या बाजूनं उभी, तरी टोमणा मलाच.

मग मी मुलांना म्हटलं, "विचारा काकूला. कामावर ये म्हणून. तोंडानं."

आता हे तुम्ही बघायला हवं होतं. थोरला सुरू झाला, "काकू, जे काही झालं त्याबद्दल आम्हा सगळ्यांना..." लेक मध्येच म्हणाली, "सगळ्यांना नको म्हणू, तू आणि मी..." धाकटा म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर..." तिघंही थांबली. तिघंही एकमेकांकडे बघायला लागली. नाकं पुसायची वाट बघत.

"एकेक," मी म्हटलं. "आणि दुसऱ्याच्या बोलण्याला हात लावायचा नाही."

थोरला म्हणाला, "काकू, चूक माझी आहे. मी लिहून सोडून दिलं. ये परत." त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

लेक म्हणाली, "मी लपवलं तुझं दुखणं. लपवायला नको होतं. ये ना, काकू."

धाकट्यानं नखांवरून नजर उचलली. मग म्हणाला, "मी तो शब्द जाताना बघितला. ये."

जाऊ खुर्चीवर बसली, पाय पुन्हा स्टुलावर घेतले.

"इस्त्रीला मी उभी राहणार नाही," ती मला म्हणाली, जशी काही ती तिघं खोलीत नव्हतीच. "तेवढं त्या पोरानं बरोबर लिहिलं होतं. मला तपासणीचं टेबल हवं. चादर उजेडासमोर धरून भोकं, डाग बघायचे. बसून. आणि इस्त्रीला ज्या नव्या मुली ठेवाल त्या मी बघून घेणार. कॉलर कशी बसवायची ते त्या कागदावर शिकवता येत नाही."

"ठीक आहे."

"आणि येईनच असं नाही. सोमवारी बघू."

"ये किंवा नको येऊस," मी म्हटलं. "मी विनवणी करणार नाही."

"तुम्ही करूही नका. तुम्हाला जमत नाही."

उतरताना जिन्यावर लेक म्हणाली, "आई, ती येईल ना?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, कागद बघ. बोलले आणि वाईट वाटलं, पण फार नाही.

रविवारी शेड बंद असते. मी भोंग्याला आणि आणखी दोघांना बोलावलं आणि केबिनमधली टेबलं खाली आणायला लावली. तिन्ही टेबलं इस्त्री आणि तपासणी ह्यांच्या मध्ये, भिंतीला. वरच्या केबिनमध्ये अभ्र्यांचे गठ्ठे. त्यांना गार हवा लागली तर माझी हरकत नाही.

थोरला आला आणि जिन्याखालीच थबकला. "आई, इथे काम कसं करणार? काही ऐकू येणार नाही."

"ओरडायचं. मी ओरडत होतेच की."

"वाफेनं कॉम्प्युटर खराब होतील."

"काकूला ती वाफ इतकी वर्षं लागली. ती चालते अजून."

"म्हणजे कागद बंद करायचा?"

"बंद कशाला? चांगला आहे तो. पण ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस मान वर केली की दिसला पाहिजे. आणि माणसाला काढायचं असेल, ठेवायचं असेल, तर आधी माझ्याकडे यायचं, मग त्याच्याकडे जायचं, मग लिहायचं. उलटं चालणार नाही."

धाकट्यानं मला त्या कागदात घेतलं. माझा मोबाईल घेऊन काहीतरी दाबत बसला होता. म्हणाला, "आई, तुझं नाव काय घालू?" मी म्हटलं, माझं आहे तेच घाल, पुरं घाल. त्यानं घातलं. माझी काडी जांभळी आहे. मी ती सगळ्या कागदावरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवून आणली. इस्त्रीच्या रकान्यात तोपर्यंत तीन ओळी झाल्या होत्या. गुडघे परत आले होते, खुर्ची आली होती, वर माफी पण मागितली होती. मी लेकीला म्हटलं, माफी काढ, ती तोंडानं मागून झालीय, परत परत काय. बाकीचं राहू दे. रकाना मोठा कर.

सोमवारी शेड वेळेवर सुरू झाली. मशिनं लागली, वाफ सुटली. मुलं खाली बसली होती, कपाळं पुसत. तपासणीच्या टेबलापाशी खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं. मी दवाखान्याचे कोट मोजत होते आणि एकच गठ्ठा पुन्हा पुन्हा मोजत होते. भोंग्यानं विचारलं, बाई येणार ना. मी म्हटलं, तुझं मशीन बघ.

उन्हं वर आली. तपासणीला आलेल्या चादरींचा ढीग खुर्चीच्या उंचीचा झाला. थोरला दर थोड्या वेळानं मान वर करून दाराकडे बघत होता. लिहीत काहीच नव्हता.

ती आली तेव्हा हातात पिशवी होती. बॅग नव्हती. एवढं मी लांबूनच बघून घेतलं. कुणाकडे न बघता आत आली, खुर्ची जरा उजेडाकडे सरकवली, बसली, पहिली चादर ओढून दिव्यासमोर धरली. मग चादरीच्या मागूनच थोरल्याला म्हणाली,

"मला उशीर झालाय. मांड कागदावर."

"राहू दे, काकू."

"राहू दे काय? झालाय ना उशीर? मग मांड."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. मी कोट मोजत राहिले. त्यानं मान खाली घालून लिहिलं. लिहून झाल्यावर मशिनांच्या वर आवाज काढून त्यानं ते तिला वाचून दाखवलं, आणि ती चादरीच्या मागून म्हणाली, "बरोबर आहे. असंच ठेव."